बारा भिडू, चौदा दिवस

माझा मोबाइल गेम सध्या जगभरात ४१ फोनांवर आहे. ‘जगभरात’ हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण त्यातला एक फोन न्यू जर्सीत मावशीच्या पर्समध्ये असतो. उरलेल्या ४० पैकी ६ आमच्याच घरात आहेत, आणि घरात माणसं चार. जुन्या, काच तडकलेल्या, ड्रॉवरमधे पडलेल्या फोनांनाही मी कामाला लावलंय. आकडा मोठा दिसायला हवा ना.

कुणाला दिसायला? मलाच. तो आकडा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसतच नाही.

व्हिएतनाममधल्या डाँग न्युएन या तरुणाने २०१३ साली ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा एक साधासा गेम आणला. २०१४च्या सुरुवातीला तो दिवसाला ५० हजार डॉलर मिळवतोय अशा बातम्या आल्या, आणि फेब्रुवारीत त्याने तो गेम चक्क काढून टाकला, कारण ती सगळी गडबड त्याला सोसेना. यातला पैशांचा भाग मला आवडलाच. पण काढून टाकण्याचा भाग जिवाला जास्त लागला. केवढी ती ऐट! मीसुद्धा माझं निवेदन आधीच लिहून ठेवलं होतं. ‘मला माझं साधं आयुष्य परत हवं आहे.’ ते अजून फोनमधे किराण्याच्या यादीच्या वर आहे. साधं आयुष्य काही कुणी नेलेलं नाही. ते रोज सकाळी सहाला उठून कुकर लावतं.

तर गेम गंजिफाचा आहे.

हे वाक्य मी आजवर शंभरेक लोकांना सांगितलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी विचारलंय, “कशाचा? गंजीफ्रॉकचा?” आतेभावाला तर वाटलं की यात बाहुल्याला कपडे घालायचे असतात. मी फोनवर टाइप केलं तरी तो सुधारून ‘गंजी’च करतो. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, आमच्या आजोळचे, सावंतवाडीचे. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळायला तिघं, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्की सगळ्यांत लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं. आणि माझा लाडका नियम: डाव दिवसा असेल तर ज्याच्या हातात राम त्याची उतारी, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याची.

या शेवटच्या नियमापायी मी गेम केला असं म्हटलं तरी चालेल. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बँकांचे हिशेब जुळवणारं सॉफ्टवेअर लिहिल्यावर एखाद्या बाईला वाटू शकतं की आपण एकदा तरी सूर्यास्त विचारात घेणारं काही लिहावं. फोनला कळणार की दिवे लागले, आणि पडद्यावरचा राम बाजूला होऊन कृष्ण पुढे येणार. मला लिहितानाच गहिवरून आलं होतं. नवऱ्याला पहिला डाव दाखवला तेव्हा तो नियमांच्या तिसऱ्या पानावर झोपला. ‘वर्डल’ हा शब्दखेळ जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी बनवला होता आणि नंतर तो अख्ख्या जगाने खेळला, हे मी वाचलं होतं. जोडीदार जागा राहणं ही त्यातली पहिली पायरी असणार.

आता ते बारा भिडू.

ज्या दुकानातून आपण फोनवर अ‍ॅप उतरवून घेतो (नाव घेत नाही, रोजचा संबंध आहे) तिथे नाव नोंदवायला एकदाच २५ डॉलर लागतात. ते मी दिले. मग कळलं की माझ्यासारख्या नवख्या, एकट्या माणसाला गेम थेट विकायला ठेवता येत नाही. आधी बारा परीक्षक जमवायचे, आणि त्यांनी तो सलग चौदा दिवस फोनवर ठेवायचा. आधी म्हणे हा आकडा वीस होता, २०२४च्या अखेरीस तो बारावर आला. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं असणार.

बारा माणसं आणि चौदा दिवस! आमच्याकडे संकष्टीला एकवेळ उपास करणारे बारा सापडतात, पण त्यांना चंद्रोदयाची वेळ माहीत असते. हे व्रत मधे मोडलं की गणती पुन्हा पहिल्यापासून. नणंदेने नवव्या दिवशी फोनमधली जागा भरली म्हणून गेम काढला आणि लेकीच्या बारशाचे व्हिडिओ ठेवले. लेक यंदा बारावीला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी परीक्षक व्हायला आनंदाने तयार झाले, पण त्यांनी ‘परीक्षक’ हा शब्द मनावर घेतला आणि मला लाल शाईत दोन पानी अहवाल दिला. त्यात गेमवर एक ओळ होती. बाकी सगळं पार्किंगबद्दल होतं.

या चौदा दिवसांत मला सारखा एकच शब्द आठवत होता: भिडू. आणि आता मी थोडी वाट सोडणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी हळदीकुंकवापाशी भेटावं.

इंग्रजीत ज्याला यूजर म्हणतात त्याला मराठीत आपण ‘वापरकर्ता’ म्हणतो. हा शब्द ऐकला की मला सार्वजनिक नळ दिसतो. खेळाला वापरकर्ते नसतात, भिडू असतात. भिडू आपल्या बाजूचा असतो, आपल्यामुळे हरतो आणि तरी संध्याकाळी पुन्हा हाक मारायला खाली उभा असतो. जॅकी श्रॉफ यांनी २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात आपल्या नावाच्या, आवाजाच्या रक्षणासाठी दावा केला, त्यात ‘भिडू’ हा शब्दही होता. ती बातमी वाचून मी दचकले होते. मला मुळात भिडूंची टंचाई, त्यात ते कोर्टात!

आमच्या लहानपणी भिडू वाटून घ्यायची एक पद्धत होती. दोन म्होरके उभे राहायचे. बाकीच्यांनी साधारण सारख्या ताकदीच्या जोड्या करायच्या, जोडीने लांब जाऊन कानात कुजबुजून नावं ठरवायची, आणि मग गळ्यात हात टाकून परत येऊन विचारायचं: चंद्र हवा की सूर्य? आंबा की फणस? म्होरक्याने आंबा म्हटलं की आंबा त्याचा. काय लोकशाही होती! कुणाला पारखून घेतलं, कुणाला नाकारलं, हे कुणालाच कळायचं नाही. अपमान फळांच्या नावावर जायचा. फक्त जोडी लागण्यासाठी आपल्याएवढं कच्चं कुणीतरी असावं लागायचं, आणि माझ्याएवढं कच्चं आमच्या आळीत कुणी नव्हतं. मी धावताना चप्पल हातात घ्यायची. त्यामुळे मी विषम. मग ठरलेलं वाक्य यायचं, “हिला लिंबूटिंबू घ्या.”

लिंबूटिंबू ही मराठी माणसाने जगाला दिलेली आणि जगाने अजून न घेतलेली देणगी आहे. लिंबूटिंबू खेळात असतो आणि नसतो. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्या धावा मोजत नाहीत, त्याची चूकही मोजत नाहीत. डब्बा ऐसपैसमधे मी तीन उन्हाळे लिंबूटिंबू होते. माडीच्या जिन्याखाली लपायचे आणि तासभर मला कुणी शोधायचंच नाही. मला वाटायचं, आपण किती छान लपतो! आपल्याला कुणी शोधतच नाहीये हे कळायला मला चौथा उन्हाळा लागला.

हीच भावना गेम प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला परत आली. जिना तोच, फक्त आता त्याला आलेख होता.

बरं, हळदीकुंकू.

संक्रांत आली आणि मला जाहिरातीची अफाट कल्पना सुचली. वाण म्हणून स्टीलची वाटी द्यायची आणि वाटीच्या बुडाला गेमचा क्यूआर कोड चिकटवायचा. साठ बायका, साठ वाट्या, साठ फोन! सगळ्या आल्या, तिळगूळ झाला, उखाणे झाले, मी स्वतः उखाण्यात गंजिफा बसवला (‘कोकणात सावंतवाडी, वाडीत गंजिफा’, पुढचं नवऱ्याच्या विनंतीवरून देत नाही). आठवड्याने आकडा पाहिला तर दोन. पण त्या वाट्यांबद्दल मात्र मला अजून सांगितलं जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “स्टिकर फारच पक्का बाई तुझा. शेवटी खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवला तेव्हा निघाला.” आज आमच्या सोसायटीत साठ घरांत माझा प्रसार झालेला आहे. त्यात चटणी असते.

मग मुलाच्या ओळखीने एक गेमिंगवाला मुलगा गाठला. तो गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकतो आणि त्याला म्हणे खूप लोक बघतात. त्याने दहा मिनिटं शांतपणे खेळून पाहिलं आणि अत्यंत आदबीने विचारलं, “काकू, यात मारामारी कितव्या लेव्हलला आहे?” मी म्हटलं, परशुराम आहे, कुऱ्हाड आहे. तो जरा आशेने पुढे झाला. मग मी सांगितलं, ती फक्त पानावर काढलेली आहे. दुसऱ्या एका होतकरू सल्लागाराने सुचवलं की पैसे लावायची सोय ठेवा, पत्ते म्हटले की लोक तेवढ्यासाठीच येतात. ते २०२५च्या ऑगस्टमधे केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणायच्या आधीचं. तेव्हा मी तत्त्वासाठी नाही म्हटलं होतं. कायदा आल्यावर मी ते तत्त्व घरात सगळ्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

आणि तारे! लोक पाच तारे देतात आणि खाली लिहितात, ‘खूप छान, पण उघडत नाही.’ एकाने एक तारा दिला आणि विचारलं, ‘पत्ते गोल का?’ या प्रश्नाला मी चारशे शब्दांचं उत्तर लिहिलं, बाबरापासून सुरू केलं. बाबराने १५२७ साली सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, तीही घातली. उत्तराला शब्दांची मर्यादा होती. शेवटी एवढंच पोचलं: ‘नमस्कार, पत्ते पूर्वीपासून’. त्याने गेम काढून टाकला.

मावशीचा फोन मात्र रात्री साडेअकराला आला. “अगं, इथे दुपारचा एक वाजलाय, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि तुझा कृष्ण काय करतोय माझ्या टेबलावर?” मी घड्याळ भारताचं धरलं होतं. चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली, पण खरी पंचाईत तिथून पुढे. उद्या मावशी तिकडून आणि मी ठाण्याहून एकाच डावात बसलो तर उतारी कुणाची? तिच्याकडे दिवस, माझ्याकडे रात्र. राम की कृष्ण? मी चार दिवस याचा विचार केला. नवरा म्हणाला, “आधी दोघी एका डावात बसा तर खऱ्या.” इतका व्यवहारी माणूस मी माझ्या हौसेने निवडलाय.

त्याच महिन्यात एका मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि एक मोठी फ्रेम, जिच्यात माझं नाव चुकलं होतं. वक्ते म्हणाले की लोप पावत चाललेला वारसा मी जपला. मग सूत्रसंचालक तेच म्हणाले, आभार मानणारेही तेच म्हणाले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू; मी नारळ दोन्ही हातांनी असा धरला होता जणू त्यातून कारंजं उडणार आहे. कार्यक्रम संपल्यावर मी अध्यक्षांना म्हटलं, “खेळून बघा ना एकदा.” ते म्हणाले, “वेळ कुठे मिळतो हो. पण तुमचं काम मोठं आहे.” चहाच्या रांगेत मी त्यांच्या मागे उभी होते. ते फोनवर ल्यूडो खेळत होते. तोही आमच्या पलीकडे नवी मुंबईत बनलेला, २०१६ सालचा, टाळेबंदीत घराघरांत गेलेला. त्यांची सोंगटी घरात गेली तेव्हा त्यांनी “हाऽ!” असा आवाज काढला. पूर्ण भाषणात त्यांनी इतका खरा आवाज एकदाही काढला नव्हता.

मला राग आला. ल्यूडोचा नाही. ‘जपणं’ या शब्दाचा. लोणचं जपतात, दागिने जपतात, उन्हाळ्यात पापड जपतात. खेळ जपायचा म्हणजे काय करायचं? कपाटात ठेवायचा? सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात या कलेला पुन्हा उभं केलं, तिथे आजही चितारी बसून हाताने पानं रंगवतात, त्यावर लाखेचा हात फिरवतात. पत्त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. लोक कौतुकाने संच विकत घेतात. आणि भिंतीवर लावतात. मीही लावलाय. फ्रेममधे, दिवाणखान्यात, मधोमध राम. १२० पानांतली दहा भिंतीवर आणि ११० पेटीत. म्हणजे तो डाव आता कुणालाच खेळता येणार नाही, आणि हे काम मी स्वतः, हातात पाणसळ घेऊन, अगदी सरळ रेषेत केलंय.

राग खरा कुणावर होता ते मला त्या रात्री कळलं, तेही फारसं सुखाचं नव्हतं.

आजोबांकडे गंजिफाची एक पेटी होती, रंग उडालेली. त्यांच्याबरोबर खेळणारे दोघे. त्यातले एक मी नऊ वर्षांची असताना गेले. उरले दोन, आणि हा खेळ दोघांचा नव्हे. त्या मे महिन्यात आजोबांनी मला हाक मारली. चाळीस गोल पानं माझ्या मुठीत मावेनात, म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक पाट उभा करून दिला. मी त्याच्या आडोशाला पानं पसरून मांडायची. शेजारचे आजोबा म्हणाले, “हिला काय येतंय?” आजोबा म्हणाले, “लिंबूटिंबू आहे. तिसरी आहे ना, बस.” मी चुकीचं पान टाकलं की ते खोकायचे. मी हरतेय असं दिसलं की त्यांच्या हातून नेमकं मोठं पान वाया जायचं.

चार दुपारी मी बसले. पाचव्या दुपारी खालून मुलांनी हाक मारली, डब्बा ऐसपैसला एक भिडू कमी होता. पहिल्यांदाच त्यांना मी खरी हवी होते, लिंबूटिंबू म्हणून नाही. मी पाटाच्या आड मांडलेली पानं तशीच टाकून पळाले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पानं गोळा केली असतील. त्यानंतर मला त्यांनी हाक मारली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

असो.

गेममधे तिघांपैकी दोघे भिडू फोनचे असतात. नवख्याने लगेच हरून गेम काढून टाकू नये म्हणून मी डावीकडच्याला एक खोड लावून ठेवली आहे. समोरचा मागे पडतोय असं दिसलं की तो एखादं मोठं पान नाहक टाकतो. कार्यालयीन भाषेत याला म्हणतात, ‘खेळाडू टिकवून ठेवण्याची व्यवस्था’. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आता बाराव्या भिडूचं सांगायचं राहिलं. नणंदेने गेम काढल्यावर जागा रिकामी झाली होती, आणि मी सासूबाईंच्या फोनवर तो गुपचूप घातला. त्या ब्याऐंशीच्या आहेत, फोन फक्त घ्यायला वापरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून आवाज आला, “अगं, फोनमधे राम आलाय!” मी जाऊन बघते तर फोन देव्हाऱ्यात, पितळी बाळकृष्णाला टेकून उभा, आणि सासूबाई पडद्यावरच्या रामाला हळदीकुंकू वाहत होत्या. बोट लागलं, पान पडलं. त्यांची उतारी होती, आणि हात त्यांनाच मिळाला. त्यांनी नमस्कार केला. दुसरं बोट लावलं, दुसरं पान. अशा रीतीने आमच्याकडे चौदा दिवस रोज सकाळी एक डाव पूजेत झाला. पडद्याची काच मी रोज स्पिरिटने पुसत होते. बारा परीक्षकांत सर्वांत नियमित परीक्षक ८२ वर्षांच्या, आणि त्यांना आपण परीक्षक आहोत याचा पत्ता नव्हता.

चौदा दिवस कधीच संपले. गेम दुकानात लागला, त्यालाही आता काही महिने झाले. मी रोज आकडा बघते. तो ४१वरून कधी ४० होतो, कधी पुन्हा ४१. पण आलेखात रोज सकाळी सव्वासातला एक बारीकशी रेघ उभी राहते. एकही दिवस चुकलेली नाही. मध्यंतरी सकाळबरोबर संध्याकाळीही दिसू लागली. ‘कृष्ण येतो का पाहायला,’ असं मला कारण सांगण्यात आलं.

परवा मी भाजी निवडत होते. सासूबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. चष्मा कपाळावर, बोटाला कुंकू नाही.

“हा डावीकडचा कोण गं?”

“कुणी नाही हो आई. फोनच आहे तो.”

“मला तो मुद्दाम जिंकू देतो.”

मी मेथीची एक काडी उगाच पुन्हा निवडली. इतक्या परीक्षकांत, इतक्या अहवालांत हे कुणाला दिसलं नव्हतं. “तुम्हाला कसं कळलं?”

“वामनाचा प्रधान टाकला त्याने. काही गरज नव्हती.” त्यांनी चष्मा खाली ओढला आणि खुर्ची टेबलाशी घेतली. “त्याला सांग, नीट खेळ म्हणावं. मी काही लिंबूटिंबू नाही.”